‘जिवंत माती भरा, फक्त पाणी घाला’ हा सल्ला कुंडीत का फसतो

घरात, दिव्याखाली, सेंद्रिय पद्धतीने टोमॅटो किंवा मिरची पहिल्यांदा लावणाऱ्यांपर्यंत एक संदेश हमखास पोहोचतो. त्याचा गोषवारा असा: बागेतली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं मिसळा, कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्या, दर आठवड्याला गुळाचं पाणी घाला. बाकीचं मातीतले जीव बघून घेतील. खत लागत नाही, सामू (पीएच) मोजावा लागत नाही, कीड फिरकत नाही, खिडकीतला उजेड पुरतो आणि तीच माती वर्षानुवर्षं चालते.

या संदेशाच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. मातीतले जिवाणू, बुरशी आणि त्यांना खाणारे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि त्यातून झाडाला अन्न मोकळं होतं. ही पद्धत उत्तम आहे आणि नवख्याने ती जरूर करावी. पण शेतात मुळांना खाली-बाजूला हवी तेवढी जागा असते, कुंडीत ती मोजून वीस लिटर असते. जीव तेच काम करतात, मात्र त्यांच्याकडे कच्चा माल आणि हवा मोजकीच असते. हा हिशेब संदेशात कुठेच नाही, आणि पहिलं पीक बहुतेक वेळा तिथेच मार खातं.

‘बागेतली माती आणि शेणखत निम्मं-निम्मं’

जमिनीतली माती खोल असते, म्हणून वरचं जादा पाणी खाली ओढलं जातं. तीच बारीक कणांची माती एक फूट उंचीच्या कुंडीत भरली की पाणी तळाशी अडकतं, हवेच्या पोकळ्या भरून जातात आणि आठ-दहा दिवसांत मुळं तपकिरी पडायला लागतात. शिवाय निम्मं शेणखत असेल तर क्षारही जास्त होतात. ते नीट कुजलेलं नसेल तर अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं करपतात.

घरातल्या कुंडीसाठी भरवशाचं मिश्रण आकारमानाने मोजावं: एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि एक भाग हवा खेळती ठेवणारा माल, म्हणजे परलाइट, प्युमिस (दोन्ही ज्वालामुखी खडकाचे हलके, सच्छिद्र कण) किंवा भाताचं तूस. तूस हळूहळू कुजून बसतं, त्यामुळे माती पुन्हा वापरायची असेल तर परलाइट किंवा प्युमिस बरं. कंपोस्टचा वाटा 40 टक्क्यांच्या वर नेऊ नये. मिश्रणात दर लिटरमागे निंबोळी पेंड 3 ग्रॅम, हाडांचा चुरा 2 ग्रॅम, जिप्सम 2 ग्रॅम आणि बेसाल्टची भुकटी 5 ग्रॅम पुरते. निंबोळी पेंड दुप्पट टाकून काम लवकर होत नाही, रोप मात्र जळू शकतं.

कोकोपीटबद्दल दोन गोष्टी. त्यात सोडियम आणि पालाश (पोटॅशियम) मुळातच भरपूर असतं, आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. म्हणून निथळून येणाऱ्या पाण्याची ईसी (क्षार किती आहेत ते सांगणारी विद्युतवाहकता, mS/cm मध्ये) 0.5 च्या खाली येईपर्यंत ते साध्या पाण्याने धुवावं. वर सांगितलेलं जिप्सम त्यातली कॅल्शियमची भूक भागवतं. दुसरी गोष्ट चुन्याची. माती-मिश्रणाच्या अनेक पाककृतींत लिटरला 3 ते 5 ग्रॅम चुना सांगितलेला असतो, कारण त्या पीट मॉससाठी (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळासाठी) लिहिलेल्या असतात आणि पीट आंबट असतं. कोकोपीटचा सामू साधारण 5.5 ते 6.5 असतो. तिथे तेवढा चुना टाकला की सामू सातच्या पुढे जातो, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि शेंड्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मिसळल्यावर माती लगेच वापरायची नाही. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि एखाद-दुसरा थेंबच गळावा, इतपत ओली करून सैल झाकून दोन ते चार आठवडे ठेवावी आणि आठवड्यातून एकदा परतावी. सुरुवातीला ती गरम होते. गरमी उतरली, अमोनियाचा वास गेला, की मुळ्याच्या दहा बिया पेरून बघाव्यात. पाच दिवसांत आठ तरी उगवल्या आणि मुळं पांढरी असली तर माती तयार आहे. टोकं तपकिरी दिसली तर आणखी आठवडाभर थांबावं. ही थांबण्याची पायरी गाळल्यामुळे जितकी रोपं जातात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने जात असतील.

‘तळाशी खडे घातले की निचरा होतो’

होत नाही. बारीक मातीतून खालच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाल्यावरच ते थेंबथेंब खाली पडतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिंब थर राहायचा तो आता खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. त्या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून त्याच मातीची उंच कुंडी बसक्या कुंडीपेक्षा जास्त कोरडी वागते. भोकांवर जाळीचा तुकडा टाकावा, कुंडी दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवावी आणि बशीत साचलेलं पाणी काढून टाकावं. एवढं पुरे.

मिश्रणात हवा किती आहे ते घरीच मोजता येतं. ज्या उंचीची कुंडी वापरणार त्याच उंचीचं भोक असलेलं भांडं घ्या, भोक बंद करून माती भरा, सगळीकडून पाणी वर येईपर्यंत भिजवा, मग भोक उघडून निथळलेलं पाणी मोजा. मातीच्या आकारमानाच्या 15 ते 20 टक्के पाणी बाहेर आलं तर ठीक. 10 टक्क्यांच्या खाली असेल तर परलाइट वाढवा.

‘खत लागत नाही, माती स्वतः अन्न तयार करते’

माती अन्न तयार करत नाही. तिच्यात जे आहे ते मोकळं करते. हवेतला नत्र बांधणारे जिवाणू असतात हे खरं, पण टोमॅटोच्या कुंडीत त्यांचं योगदान धरून चालण्याइतकं नसतं. म्हणून सरळ बेरीज-वजाबाकी करू.

एक किलो टोमॅटो येण्यासाठी झाड पानं-खोडासकट साधारण 2.5 ग्रॅम नत्र आणि 4 ग्रॅम पालाश उचलतं. एका झाडाकडून चार किलो फळांची अपेक्षा असेल तर 10 ग्रॅम नत्र आणि 16 ग्रॅम पालाश हवं. आता 20 लिटरच्या कुंडीत काय आहे ते बघू. गांडूळखत जवळपास 7 लिटर, ओलं वजन चार किलोच्या आसपास, त्यातलं निम्मं पाणी. उरलेल्या दोन किलोत दीड टक्का नत्र धरला तर 30 ग्रॅम. आकडा ऐकायला भरपूर वाटतो, पण कंपोस्टमधला नत्र घट्ट बांधलेला असतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्यातला 10 ते 15 टक्के मोकळा होईल, म्हणजे 3 ते 4.5 ग्रॅम. निंबोळी पेंड 60 ग्रॅम, तिच्यात चार टक्के नत्र, म्हणजे 2.4 ग्रॅम आणि त्यातला बराचसा हाती लागतो. एकूण झाले पाच-सहा ग्रॅम. गरजेच्या निम्मे.

पालाशचं तसं नाही. गांडूळखतातलं बहुतेक पालाश पाण्यात विरघळतं आणि कोकोपीटमधलंही थोडं राहतं, त्यामुळे ते सुरुवातीला पुरतं. तुटवडा पडतो तो नत्राचा, आणि तोही नेमका फळं धरायच्या वेळी. खालची जुनी पानं सगळीकडून फिकी होऊन पिवळी पडली की समजावं. जुन्या पानांच्या फक्त कडा करपत असतील तर पालाश कमी पडतंय.

उपाय वरून देण्याचा. रोप लावून चार आठवडे झाले की दर तीन आठवड्यांनी 30 ते 40 ग्रॅम निंबोळी पेंड आणि दोन मुठी गांडूळखत मातीवर पसरावं, वरच्या बोटभर थरात हलकं मिसळावं, आच्छादनाने झाकावं आणि पाणी द्यावं. असे पाच हप्ते झाले की राहिलेली तूट भरून निघते. पेंडीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती कुजण्याची खूण आहे. मात्र पिवळेपणा दिसल्यावर हप्ता देऊन दोन दिवसांत फरक शोधू नये. जीवांना वेळ लागतो आणि माती 15 अंशांच्या खाली गेली तर काम फारच मंदावतं. थंड फरशीवरची कुंडी खोलीच्या हवेपेक्षा गार असते, तिच्याखाली लाकडी फळी द्यावी.

इथेच अंड्याच्या टरफलांचाही निकाल लावू. टोमॅटोचं बूड काळं पडलं की टरफलं टाका, असं त्याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत असतं. बूड काळं पडतं ते बहुधा फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नसल्याने, मातीत नसल्याने नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे एक दिवस चिखल आणि चार दिवस कोरडं असं चाललं की पुरवठा तुटतो. जाडसर टरफलं विरघळायला इतका वेळ घेतात की त्या पिकाला त्यांचा उपयोग नसतो. पाणी सारखं द्या. 20 लिटरची कुंडी पूर्ण भिजवून निथळल्यावर तोलावी आणि वजन एक-दीड किलोने उतरलं की तेवढंच पाणी दोन-तीन खेपांत हळू घालावं.

‘गुळाच्या पाण्याने जिवाणू वाढतात’

वाढतात, आणि म्हणूनच जपावं लागतं. साखरेत कर्ब असतो, नत्र जवळजवळ नसतो. अचानक वाढलेल्या जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागतो आणि तो ते मातीतूनच घेतात. ते मरेपर्यंत तो झाडाला मिळत नाही. आधीच नत्र तोकडा असलेल्या कुंडीत दर आठवड्याला हे करणं म्हणजे झाडाच्या ताटातलं काढून घेणं. चिकट ओला पृष्ठभाग चिलटांनाही आवडतो. गूळ घालून आंबवलेलं कंपोस्टचं पाणी पानांवर-फळांवर फवारणं तर टाळाच. साखरेमुळे त्यात ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढू शकतात आणि ही फळं आपण कच्ची खातो. जीवांना खरोखर खाऊ घालायचं असेल तर वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं तीन ते पाच सेंटिमीटर आच्छादन ठेवा. ते सावकाश कुजतं आणि ओलही टिकवतं.

‘सामू बघायची गरज नाही’

दर वेळी पाण्याचा सामू सुधारत बसू नये, इतपत हे बरोबर आहे. सेंद्रिय मातीत फेरबदल झेलण्याची ताकद असते. पण जड, म्हणजे चुनखडीच्या क्षारांच्या पाण्यातली क्षारता साचत जाते. पाण्याची क्षारता लिटरला 250 मिलिग्रॅम असेल आणि हंगामात कुंडीला 100 लिटर पाणी गेलं, तर 25 ग्रॅम चुना मातीत टाकल्यासारखं होतं. तो कोणी मोजून टाकला नसता. पाणी जड असेल तर सुरुवातीपासून निम्मं पावसाचं किंवा आरओचं मिसळा आणि महिन्यातून एकदा मातीचा सामू बघा. एक भाग माती, दोन भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास ठेवून मोजायचं. 6.2 ते 6.8 चांगला. त्याच पाण्यात ईसीही मोजा: 0.75 ते 1.25 योग्य, 1.75 च्या वर गेली तर वरून खत देणं थांबवा आणि एकदा भरपूर पाण्याने निथळू द्या.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनची चिंता मात्र सोडून द्या. पिण्याच्या पाण्यात तो असतो तेवढा मातीच्या वरच्या थरातच संपून जातो.

‘जिवंत मातीत कीड येत नाही’

घरातल्या ओलसर, सेंद्रिय कुंडीत सर्वांत आधी येतात ती काळी चिलटं, म्हणजे फंगस नॅट. उडणारी माशी निरुपद्रवी असते, मातीतली अळी कोवळी मुळं कुरतडते. साधारण 24 अंशांना त्यांची पिढी अडीच-तीन आठवड्यांत पुरी होते, म्हणून एकदाच केलेला उपाय कधीच पुरत नाही. मातीवर बटाट्याची फोड उलटी ठेवून दोन दिवसांनी उचलली की काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसतात. दिसल्या तर आच्छादन काही दिवस काढा, पिवळे चिकट सापळे आडवे ठेवा आणि बीटीआय या चिलटांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची आळवणी (पाण्यात मिसळून मातीत ओतणं) आठवड्यातून एकदा, चार आठवडे करा. डब्यावर ‘इस्राएलेन्सिस’ लिहिलेलं आहे ना ते तपासा. ‘कुर्स्टाकी’ लिहिलेलं बीटी पतंगाच्या अळ्यांसाठी असतं, चिलटांवर ते चालत नाही. वर पानांवर कोरड्या हवेत लाल कोळी (रस शोषणारी सूक्ष्म कीड) येतो आणि त्याचा मातीशी संबंधच नसतो. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू भिंगाने बघावी.

‘खिडकीतला उजेड पुरे’

पालेभाजीला कदाचित, फळभाजीला नाही. टोमॅटो-मिरचीला दिवसाकाठी चौरस मीटरला 20 ते 30 मोल (मोल हे प्रकाशकणांचं माप) प्रकाश लागतो. चौरस मीटरला दर सेकंदाला 400 मायक्रोमोल देणारा दिवा 16 तास चालवला तर 23 मोल होतात. 60 बाय 60 सेंटिमीटरच्या जागेला चांगल्या एलईडीचे 80 वॅट त्यासाठी पुरतात. टोमॅटोला चोवीस तास उजेड देऊ नका, पानं पिवळी पडतात. घरात वारा नाही, मधमाशी नाही, तेव्हा फुलं उमलली की रोज दुपारी घोस हलकेच हलवा, नाहीतर फुलं गळतील.

‘हीच माती कायम वापरा’

वापरता येते, पण जशीच्या तशी नाही. पीक संपल्यावर खोड मातीलगत कापा, मुळं आतच कुजू द्या. माती बसली असेल तेवढी भर घाला, मात्र दर वेळी ती नुसत्या कंपोस्टने घालू नका. कंपोस्टमधून स्फुरद गरजेपेक्षा जास्त येत राहतं आणि साचतं, शिवाय मिश्रण दाट होऊन हवा कमी होते. भर घालताना निम्मं कंपोस्ट, निम्मं परलाइट घ्या, लिटरला 2 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा आणि ओल राखून दोन आठवडे ठेवा. हाडांचा चुरा दुसऱ्यांदा नको. मुळांवर गाठी दिसल्या किंवा खोड कापल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर ती माती टोमॅटो, मिरची, वांगं यांपैकी कशालाच पुन्हा देऊ नका. गाठी म्हणजे सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत), रेषा म्हणजे बहुधा मर रोग, आणि दोन्ही त्या मातीत पुढच्या पिकाची वाट बघत राहतात.