आप्पा, ती फट मुद्दाम ठेवली आहे

आप्पा, नमस्कार. तुम्ही खाली 'पाचोऱ्याचा आप्पा' एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तसंच म्हणतो.

फोटो पाहून माझ्या आंगणातल्या जेवणाच्या टेबलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: टेबल दिसायला बरं आहे, पण सात फळ्यांमध्ये सहा फटी ठेवणं म्हणजे सांधा न जमणाऱ्याची पळवाट. तुमचे वडील सुतार, त्यांच्या सांध्यात नख शिरत नसे. त्यात माझं लाकूड जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातल्या सऱ्यांचं (छताखालच्या तुळयांचं). इतकं मुरलेलं सागवान आता काय हलणार? सगळं चिकटवून वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारलं असतं तर विषयच मिटला असता. आणि भरताचं तेल फटीतून मांडीवर गळेल ते वेगळंच.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. गळतं. पहिल्याच हिवाळ्यात पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजून भरीत केलं, बारा-तेरा माणसं टेबलाभोवती, आणि मेहुण्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर तेलाचा असा काही नकाशा उमटला की बहीण अजून ऐकवते. तेव्हापासून आम्ही टेबलावर केळीची पानं लांबीला अंथरतो. चोपड्याकडे पानांना तोटा नाही. शेवभाजीतली शेव मात्र कोपऱ्यातून पडतेच, ती कोंबड्यांची.

आता पळवाटेचं. हे माझं दुसरं टेबल आहे. पहिलं मी तुम्ही सांगता तसंच केलं होतं. गणपतीच्या दिवसांत, ३ फूट रुंद, फळ्या एकमेकींना चिकटवून, क्लॅम्प लावून, रंधा मारून असा एकजीव तक्ता की हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं. खाली तीन आडपट्ट्या, गोंद लावून, वर भरपूर स्क्रू. गल्लीतले लोक बघून गेले. मी खूश.

मे महिन्यात एका रात्री आंगणात खाटेवर झोपलो होतो. बारा-साडेबाराला 'काड्' असा आवाज झाला. आधी वाटलं निंबाची फांदी मोडली. आमचे वडील उठून बसले, "काय व्हयनं रे?" बॅटरी मारली तर तक्त्याच्या टोकापासून दोन फूट लांब चीर गेलेली. आणि सांधा जागचा हललेला नव्हता बरं का. गोंद पक्का होता. त्याच्या शेजारी, चांगल्या फळीच्या पोटातून लाकूड फाटलं होतं.

झालं असं की भाद्रपदात लाकडात ओलावा होता पंधरा टक्क्यांच्या आसपास. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात, हवा भट्टीसारखी कोरडी, तेव्हा तोच ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, तरी ३ फूट रुंदीवर वर्षभरात १० ते १५ मिलिमीटरचा फरक पडतो. वलयं कशी चिरली गेली त्यावर कमी-जास्त. आता आडपट्टीची लांबी काही कमी होत नाही, ती आडवी धरून बसलेली. तक्त्याला आकसायचंय, पट्टी सोडत नाही. मग तो फाटतो. यात सुताराच्या हाताचा काही दोष नाही, मी मात्र पट्ट्या चिकटवल्या, तो दोष माझाच.

हे आपल्याकडे कुणाला नवीन आहे का? उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव (वरची लोखंडी पट्टी) ढिली होऊन वाजायला लागायची, मग चाकं काढून रात्रभर डोहात टाकायची, की सकाळी लाकूड फुगून धाव आवळलेली. मी लहानपणी हे पाहिलंय, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. आणि ती चाकं बाभळीची, वर्षानुवर्षं तापलेली, मुरलेली. म्हणजे जुनं लाकूड हलत नाही हे खरं नाही. जुनं लाकूड वाळलेलं असतं, त्यामुळे हिरव्या लाकडासारखं ते एकदम वेडंवाकडं होत नाही, पण पाणी प्यायची आणि सोडायची सवय त्याला मरेपर्यंत, म्हणजे जळेपर्यंत, राहते. शिवाय माझे सरे इतकी वर्षं मातीच्या छताखाली सावलीत होते. सॉ मिलवर चिरल्यावर त्यांच्या आतल्या लाकडाने पहिल्यांदा ऊन पाहिलं. (त्या सऱ्यांत खिळे किती निघाले ते विचारू नका. मिलवाल्याने आधी सगळे उपटून आणायला लावले, तरी एक राहिलाच, आणि पात्याचे पैसे मला भरावे लागले.)

म्हणून दुसऱ्या टेबलाला ५ इंची सात फळ्या. प्रत्येक फळी आपापली फुगते, आपापली आकसते, शेजारणीला ढकलत नाही. खालून आडपट्टीतून स्क्रू, पण पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा जाड आणि मधे वॉशर, म्हणजे फळीला जरा सरकायला वाव. स्क्रू स्टेनलेसचे, कारण पावसात साध्या लोखंडाभोवती सागावर काळे डाग पडतात. कार्तिकात बसवताना फट ५ मिलिमीटरची ठेवली होती. नंतर कॅलिपरने मोजली: मेमध्ये पावणेसहा, श्रावणात साडेतीन. तुम्ही ज्या फोटोवरून बोललात तो मेमधलाच, सगळ्यात वाईट दिवसातला.

तुमच्या वडिलांच्या हातच्या सांध्याबद्दल मला शंका नाही. पाट, चौरंग, देव्हारा घरात असतात, रुंदी फूट-दीड फूट; तिथे नख न शिरणारा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. पण त्यांनी दिलेदार दारं, म्हणजे चौकटीत फळी (दिला) बसवलेली दारं, केली असतीलच ना? त्यातला दिला चौकटीच्या खाचेत कसा बसतो आठवून बघा. त्याला गोंद नसतो, खिळा नसतो. खाचेत तो मोकळा असतो, आतल्या आत थोडी जागा ठेवलेली असते. म्हणजे फट वडिलांनीही ठेवली, फक्त चौकटीत लपवली. मला उघड्यावर, पाऊस पडणाऱ्या जागी लपवता येत नव्हती. लपवलेल्या खाचेत पाणी साचतं, उघड्या फटीतून निघून जातं. त्याच कारणाने पाय जमिनीवर न टेकवता दगडी फरशीच्या तुकड्यांवर ठेवलेत. पायाचा खालचा काप पाणी नळीसारखं ओढतो.

पीयू घरात छान. आंगणातल्या उन्हात त्याची कातडी दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते, तड्यांतून पाणी खाली शिरतं आणि बाहेर यायला जागा नसते. मग खरवडत बसा. मी उकळलेलं जवसाचं तेल लावतो, थोडं टर्पेंटाइन घालून, दरवर्षी मृगाच्या आधी. तेही निर्दोष नाही: श्रावणात वर काळपट बुरशी येते, सोडा-पाण्याने घासावी लागते. एक सांगतो, कुणी करून बघणार असेल तर तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या सुकताना स्वतःच तापतात, पेट घेतात. मेच्या दुपारी तर विचारूच नका. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण पाहिली असणार. तिसऱ्या-चौथ्या फळीमधली फट बाकीच्यांपेक्षा मोठी आहे. त्याला ओलावा-बिलावा काही कारण नाही. अंतरासाठी मधे मधे जाड खिळे धरले होते, एक सरकला, मी चहाला उठलो होतो, आल्यावर बघितलं नाही. स्क्रू काढून पुन्हा लावायचा कंटाळा केला.

आणि एक विचारायचं होतं. आमच्याकडच्या जुन्या दारांच्या दिल्यांच्या कडेला मला मेणासारखं काहीतरी लागलेलं दिसतं, बहुतेक ते खाचेत अडकू नयेत म्हणून. वडील काय लावायचे? मेण, साबण, की तेल? आठवत असेल तर लिहा, पुढच्या महिन्यात मी कपाटाची दारं करायला घेतोय.