याला जुगाड म्हणू नका
किनाऱ्यावरच्या छोट्या वस्तीत इंजिनापासून जाळ्यापर्यंत सगळं स्वतः दुरुस्त करणाऱ्या त्या हरहुन्नरी गृहस्थांवरचा लेख आवडला. फक्त ‘जुगाड’ हा शब्द खटकला. समुद्रकाठी जुगाड टिकतो कुठे? खारी हवा लोखंड खाते, तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो, नटबोल्ट जाम होतात.

बोटीच्या पंख्याजवळ ते जस्ताचा तुकडा बसवतात, हे लेखात एका ओळीत उरकलंय. खरी हुशारी तिथेच आहे. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि पंख्याचा धातू वाचतो. या तुकड्याला रंग लावायचा नसतो, रंगाखाली झाकला गेला की तो कामच करत नाही. पण बोट रंगवताना त्यावरही ब्रश फिरवणारे महाभाग असतातच (मीही त्यातलाच एक!).

शिवाय वेळेचं गणित. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीत बोट उघडी पडल्यावर हाती घेतलेलं तळाचं काम अर्धवट राहिलं तर उद्या त्याच वेळी येऊन भागत नाही.

पुढच्या भागात त्यांची हत्यारांची पेटी उघडून दाखवा की!