दहापट रक्कम सरकार देत नाही

‘सलग तीन वर्षे आयकर रिटर्न भरणारा माणूस अपघातात गेला, तर त्याच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम सरकारला द्यावीच लागते, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६’ हा मजकूर सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. ज्या घरातला माणूस नुकताच गेलाय त्या घरातही तो पोचतो, म्हणून हे लिहितोय.

कलम १६६ खरं आहे, पण त्यात पैसे देणारं सरकार नाही. ज्याच्या चुकीनं अपघात झाला त्या गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावावा लागतो. गाडीचा विमाच नसेल तर बोजा मालकावर. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मात्र सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख मिळतात.

दहापट हा आकडाही खोटा, आणि तरुणाच्या घरच्यांचं तो नुकसान करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९च्या सरला वर्मा निकालानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला कितीनं गुणायचं तो आकडा, गेलेल्याच्या वयावर ठरतो: २६ ते ३० वयाला १७, ४६ ते ५० ला १३, पासष्टीपुढे ५. समजा, तीस वर्षांचा गॅरेजवाला महिना २०,००० कमवत होता. मागे आई, बायको, दोन मुलं. वर्षाचे २,४०,०००, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के, वजा स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा, राहिले २,५२,०००. गुणिले १७ म्हणजे ४२,८४,०००. फॉरवर्डच्या हिशेबानं २४ लाखच!

रिटर्न नाही म्हणून दावा नाही, ही समजूत तर सगळ्यात घातक. ऊसतोड मजुरानं, गवंड्यानं रिटर्न कुठून आणायचं? ऊसबिल, दूध संस्थेचं बिल, पासबुक चालतं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरतं, घर सांभाळणाऱ्या बाईचंसुद्धा.

स्वतःच घसरून पडलेल्याला कलम १६६चा उपयोग नाही. तिथं पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर कामी येतं, पण मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स चालू असेल तरच. मित्राची गाडी घेऊन गेलेल्याला ते लागू नाही.

आणि मुदत. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दावा लावायला अपघातापासून सहा महिने दिलेत. दिवसकार्य आणि सुगीच्या गडबडीत ते सरतात. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि समोरच्या गाडीची पॉलिसी यांच्या नकला पहिल्या महिन्यातच पोलीस ठाण्यातून मागून घ्या.