घर, शाळा आणि इंग्रजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील मुलांच्या इंग्रजीविषयी मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. घरची पार्श्वभूमी ही शाळांना मिळालेली सोयीची सबब आहे, आपले वडील बेळगावच्या वडगावात मागावर काम करत असूनही आपण आज इंग्रजीत सारा व्यवहार करता, आणि माझ्या लेखामुळे गरीब आईवडिलांच्या माथी आणखी एक दोष येतो, असे आपले म्हणणे आहे.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘घरात इंग्रजी नसेल तर मूल मागे पडते’ हे माझे वाक्य चुकीचे होते आणि ते मी मूळ लेखातून काढून टाकले आहे. मात्र पार्श्वभूमीचा परिणामच होत नाही, हे मला पटत नाही; तो कोणत्या वाटेने होतो, एवढाच खरा प्रश्न आहे.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेतील मुलाला घरी मराठी आणि बाजारात मराठी-कन्नड ऐकू येते. इंग्रजी मात्र बहुधा तासापुरतीच कानावर पडते. देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या त्याला लहान वयातच हाताळाव्या लागतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘शाळेत’मधला ‘त’ नामाला मागून चिकटतो. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते आणि तोच अर्थ सांगणारा शब्द नामाच्या आधी, सुटा उभा राहतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे तर आपल्याकडे नाहीतच. हे सारे कोणीतरी मराठीतून उलगडून सांगावे लागते, आणि ते काम शाळेने केले नाही तर घरावर येते. ज्या घरात शिकवणीला पैसे आहेत किंवा संध्याकाळी मुलाजवळ बसायला शिकलेले माणूस मोकळे आहे, तिथे ते होते. ज्या घरात आई शेतावरून दिवेलागणीला परतते, तिथे वही कोरी राहते. घरातून इंग्रजी येते असे मी मानत नाही, पण शाळेने अर्धवट सोडलेले काम कोणते घर पुरे करू शकते, यावरून मुलांमध्ये अंतर पडते.

आपल्या बाजूने बोलणारा पुरावाही आहे. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालाने शाळेतील साधनांपेक्षा कुटुंबाचा प्रभाव मोठा असल्याचे मांडले होते. परंतु १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांतील मुलांचे विज्ञानातील यश तपासले, तेव्हा देश जितका गरीब तितके शाळेचे आणि शिक्षकाचे वजन अधिक, असे त्यांना आढळले. तो अभ्यास विज्ञानाचा होता. तरीही जी भाषा घरी ऐकूच येत नाही तिच्या बाबतीत हे अधिकच लागू पडावे, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र कमी शिकलेले घरही देऊ शकते, आणि तिची किंमत मी लेखात ओळखली नव्हती. जे मूल आजीला रोज मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवते, ते मजकुरातून अर्थ काढण्याची सवय इंग्रजीच्या पुस्तकाकडेही घेऊन जाते. पहिल्या भाषेतील वाचनाचे बळ दुसऱ्या भाषेला मिळते, हे द्वैभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच मांडले आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील फाउंड्रीत काम करणारे वडील ‘ड्रॉइंग’, ‘गेज’, ‘टॉलरन्स’ हे शब्द रोज वापरतात. त्यांना ‘इंग्रजी न येणारे पालक’ म्हणून बाजूला सारणे मला आता अन्यायाचे वाटते. अशा आईवडिलांना घरी मोडकीतोडकी इंग्रजी बोलण्याचा सल्ला देणाऱ्यांशी तर माझे तीव्र मतभेद आहेत, कारण त्यामुळे घरातले सहज, भरभरून होणारे बोलणेच आटते.

शाळा सुटल्यावर एक बाई आपल्याला अर्धा तास थांबवून वाचून घेत असत, असे आपण ओझरते लिहिले आहे. मला तो अर्धा तास आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. त्या बाई आपल्याला कितवीत भेटल्या, त्या मराठीतून समजावत का, आणि तोवर आपले मराठी वाचन कितपत पक्के झाले होते, हे सवडीने कळवाल का?