दादा, औषधांचा विमा मागू नकोस

भावंडांच्या ग्रुपवर दादाने परत तोच विषय काढला. दादा सांगलीला असतो, जिल्हा परिषदेतून निवृत्त. सत्तरी ओलांडलेल्यांसाठीचं आयुष्मान कार्ड त्याने काढून ठेवलंय आणि आता तक्रार अशी, की दवाखान्यात अ‍ॅडमिट झालं तरच त्याचा उपयोग, रोजच्या गोळ्या खिशातूनच. ‘तुमच्याकडे बघ, म्हाताऱ्यांना औषधांचाही विमा. आपल्याकडे कधी येणार हे?’ खाली लगेच अंगठे. त्यात वहिनीचाही.

नोव्हेंबरात असलं काही वाचलं की माझं डोकं फिरतं. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत, मेडिकेअरची, म्हणजे इथल्या पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची, एजंट आहे. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा आमचा सीझन. एडिसन, इझलिनमधल्या काका-काकूंना पुढच्या वर्षाचा पार्ट डी, म्हणजे औषधांचा प्लॅन, निवडून द्यायचा. दिवाळी नेमकी यातच येते, त्यामुळे माझा फराळ लोकांच्या डायनिंग टेबलवर, गोळ्यांच्या नारिंगी बाटल्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून होतो.

दादाला वाटतं कार्ड दाखवलं की गोळ्या हातात. अरे बाबा, २००६ साली ही योजना सुरू झाली ती खासगी विमा कंपन्यांच्या हाती देऊनच. प्रत्येक प्लॅनची औषधांची यादी वेगळी, आणि ती दरवर्षी बदलते. तीच बीपीची गोळी एका प्लॅनमध्ये फुकट, दुसऱ्यात पैसे मोजून. त्यातही दुकान प्लॅनच्या पसंतीचं असेल तर एक भाव, रस्त्यापलीकडच्या दुकानात दुसरा. हप्ता शून्य दिसतो म्हणून काका खूश होतात, मग कळतं की महागड्या गोळीसाठी आधी ६१५ डॉलरपर्यंत स्वतःच भरायचे आहेत. एखाद्या गोळीला कंपनीची पूर्वपरवानगी लागते, एखादी ‘आधी स्वस्तातली घेऊन बघा’ म्हणून अडवून ठेवतात.

डायबेटिसच्या मेटफॉर्मिनचंच घ्या. आपल्या माणसांत ती साखरेसारखीच घरोघरी. सरकारी वेबसाइटवर मी ‘मेटफॉर्मिन ईआर ५००’ टाकते, तर खाली तीन पर्याय येतात. एक साधी, दुसरी ऑस्मॉटिक, तिसरी मॉडिफाइड रिलीज. औषध एकच, गोळी विरघळण्याची तऱ्हा वेगळी. काकूंच्या बाटलीत असते बहुतेक वेळा साधी, जवळपास फुकट मिळणारी. पण चुकून तिसरीवर क्लिक झालं की वर्षाचा खर्च असा फुगतो की स्वस्तातला प्लॅन यादीत तळाला जातो. म्हणून मी बाटली हातात घेऊन लेबलवरची बारीक अक्षरं वाचते. सत्तरीतल्या माणसाने हे एकट्याने, इंग्रजीत, दरवर्षी करायचं?

आणि नको म्हणायचीही सोय नाही. ‘मी ठणठणीत आहे, मला कशाला’ म्हणून पासष्टाव्या वर्षी प्लॅन घेतला नाही, नोकरीतलाही काही विमा नसला, तर दर महिन्यामागे एक टक्का दंड चढतो. तीन वर्षं काढली तर २०२६च्या दराने महिन्याला सुमारे १४ डॉलर, आणि प्लॅन असेपर्यंत कायमचे.

आता इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर जात नाही, आणि २०२६मध्ये यादीतल्या औषधांवर वर्षभरात २,१०० डॉलर भरले की पुढे काही द्यावं लागत नाही. २०२२च्या कायद्याने केलेलं हे काम मोठं आहे. कॅन्सरच्या गोळ्या घेणारं घर मी पाहिलंय, म्हणून सांगते. ग्रुपवर मात्र हे लिहिलं नाही. भांडणात कोण लिहितं?

लिहिलं ते सिटाग्लिप्टिनबद्दल, तीही डायबेटिसचीच गोळी. इथे तिचं नाव जानुव्हिया, महिन्याच्या गोळ्यांची छापील किंमत ५२७ डॉलर होती. सरकारने कंपनीशी घासाघीस करून ती ११३वर आणली, तीही जानेवारी २०२६पासून. भारतात पेटंट २०२२मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधी दुकानात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. विम्याचा पत्ताच नाही. गोळीच स्वस्त झाली. ज्या देशाला हे जमतं त्याने आमच्यासारखे एजंट कशाला पोसायचे?

यावर दादाचं ठरलेलं उत्तर. ‘त्या जनऔषधीच्या गोळ्या चालत नाहीत. डॉक्टर लिहून देतात तोच ब्रँड.’ २०२३मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं असा नियम आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि त्याच महिन्यात तो स्थगितही झाला. दादा तेव्हा डॉक्टरांच्या बाजूने. इथे दहातल्या नऊ प्रिस्क्रिप्शन जेनेरिकच्या असतात. काकूंच्या बीपीच्या बाटलीवर लुपिनचं नाव असतं, मुंबईच्या. एडिसनमध्ये निमूटपणे गिळतात ती कंपनी, आणि सांगलीला शंका! अर्थात इथे औषध प्रशासनाचा वचक आहे, तिथे तपासणीचं काय ते सगळ्यांना ठाऊक. त्यावर ओरडा ना. विमा कशाला मागता?

हेच काका-काकू जानेवारीत पुण्याहून येताना सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून आणतात, आणि मी त्यांना रागावते. एका गोळीत तीन औषधं, इथल्या डॉक्टरला सांगता येत नाहीत, यादीत टाकता येत नाहीत. दादाला तिथल्या गोळ्या घे म्हणणारी आणि काकांना आणू नका म्हणणारी मीच.

खरं तर हे काम सरकारी मदत केंद्रातले स्वयंसेवक फुकट करतात, आणि कायद्याप्रमाणे मी ते प्रत्येकाला वाचून दाखवते. औषधांच्या प्लॅनवर कमिशन तुटपुंजं, काही कंपन्यांनी तर बंदच केलंय. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण ‘काकू, पोट साफ होतं का’ हे तिथे कोणी मराठीत विचारत नाही. मलाही तेवढ्यासाठीच हे दोन महिने आवडतात. एडिसनमधल्या वीसेक घरांतल्या गोळ्या मला तोंडपाठ आहेत, दादा कोणत्या घेतो ते मात्र मला या वादात कळलं.

नवरा मेडिकेअरवर आहे, पुढच्या वर्षी मी. सांगलीला परत जायचं आम्ही कायम बोलतो. पण चाळीस क्वार्टर्स, म्हणजे दहा वर्षं, नोकरीतून कर भरून कमावलेलं मेडिकेअर तिथे चालत नाही, पार्ट डी तिथल्या गोळ्यांचे पैसे देत नाही, आणि पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा भाग, सोडून परत घ्यायचं म्हटलं तर त्यालाही दंड. दादाने विचारलं, ‘म्हणजे गोळ्यांसाठी तिकडे राहणार?’ मी लिहिलं, गोळ्यांसाठी नाही, उद्या बायपास करावी लागली तर. ‘त्यासाठी माझ्याकडे पाच लाखांचं कार्ड आहे,’ दादा म्हणाला. मग मी विचारलं, सांगलीतली कोणती हॉस्पिटलं घेतात ते? वहिनीने लगेच यादी टाकली, आणि आता त्या यादीवरून सुरू आहे.