युरोबॅग भरली म्हणजे किडनी ठणठणीत?

‘लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होतेय ना? मग किडनी ठणठणीत. क्रिएटिनिनची तपासणी म्हणजे पैसे काढायचा धंदा. लघवी कमी झालीच तर पाणी पाजा, नाहीतर लघवीची गोळी द्या.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा आमच्याच वॉर्डातल्या एका आजोबांच्या जावयाने तो मला दाखवला. रात्रपाळीत तासातासाला युरोबॅगपाशी, म्हणजे नळीतून येणारी लघवी साठते त्या पिशवीपाशी, वाकते मी, त्यामुळे गप्प बसवेना.

‘भरपूर म्हणजे चांगली’ हे पहिलं. बॅगेत पाणी दिसतं. त्यातून युरिया, पोटॅशियम किती बाहेर पडलं ते दिसत नाही. किडनीला इजा होऊनही दिवसाला दीड लिटर लघवी करणारे पेशंट असतात. जुनाट किडनीविकारात तर लघवी दाट करायची ताकदच जाते, म्हणून ती पाण्यासारखी होते आणि माणूस रात्री तीनतीनदा उठतो. साखर बेसुमार वाढली की तीही पाणी ओढून नेते. पेशंट आतून सुकत असतो आणि घरचे म्हणतात, ‘सिस्टर, लघवी छान होतेय!’

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा. त्याची तपासणी निरर्थक नाही, पण ते उशिरा वाढतं. म्हणून लघवीही मोजायची. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हवी, म्हणजे ६० किलोला ३० मिली. केडीगो या किडनीविकारांवर मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांप्रमाणे सलग ६ तास त्याहून कमी झाली, तर क्रिएटिनिन वाढलेलं नसतानाही किडनीला इजा धरतात. पण तीस मिली युरोबॅगवरच्या खुणांवरून कसे कळणार? बॅग फुगली, वाकडी लटकली की आकडा गेला. त्यासाठी बारीक खुणांचं युरोमीटर लागतं, नाहीतर मापाच्या भांड्यात ओतून बघायचं. डायपर असेल तर ओल्याच्या वजनातून कोऱ्याचं वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

आता ‘पाणी पाजा’. या आजोबांची बॅग चार तास कोरडी होती आणि जावई ग्लासावर ग्लास पाजत होते. पांघरूण काढून नळी बघितली, तर ती मांडीखाली दबलेली. सरळ केली आणि जवळजवळ अर्धा लिटर आली. नळी नसलेल्या पेशंटमध्ये प्रोस्टेटने वाट अडली असेल तर पाण्याने मूत्राशय आणखी तटतटतं. हृदय कमजोर असेल तर धाप लागते. उलट्या-जुलाबाने सुकलेल्याला मात्र पाणी हवंच, आणि नेमकी त्यालाच लघवीची गोळी घातक. एरवीही ती गोळी लघवी वाढवते, किडनी सुधारत नाही.

जावयांना कागद दिला: वेळ, किती आत गेलं, किती बाहेर आलं. सकाळी बघते तर चहाचे दोन घोटही लिहिलेले. सलाईन मात्र राहिली होती.