‘क्रेटमध्ये ठेवा आणि निर्धास्त ऑफिसला जा’ म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कुत्र्याच्या नव्या पिल्लांसाठी क्रेटबद्दल, म्हणजे दार असलेल्या जाळीच्या पिंजऱ्याबद्दल, एक लांबलचक मेसेज फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ‘कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी. क्रेट आणा, पिल्लू आत ठेवा, दार लावा. रडलं तर अजिबात लक्ष देऊ नका. झोपायच्या जागी ते कधीच घाण करत नाही, त्यामुळे ८-९ तास आरामात राहतं. मस्ती केली तर शिक्षा म्हणून आत टाका. आठवड्याभरात शिकतं.’

क्रेटला माझा विरोध नाही. फ्लॅटमध्ये पिल्लू वाढवायचं तर फार उपयोगी वस्तू आहे ती. पण हा मेसेज वाचून ती वापरणार असाल तर न आणलेली बरी.

‘गुहेत राहणारा प्राणी.’ लांडग्याची मादी बीळ धरते ती विण्यापुरती. पिल्लं ८-१० आठवड्यांची झाली की बीळ सुटतं, आणि मोठे लांडगे उघड्यावरच झोपतात. इतक्या लांब कशाला, रात्री अकरानंतर कुठल्याही पेठेतून चक्कर मारा. कुत्री गाडीच्या टपावर, बांधकामाच्या वाळूवर, बंद दुकानाच्या पायरीवर पसरलेली दिसतील. काही गाडीखालीही असतात. आडोसा कुत्र्याला आवडतोच, पण हवं तेव्हा उठून जाता येईल असा. त्यामुळे क्रेट आवडणं उपजत असतं आणि दार लावलं की काम झालं, हे खोटं. सुरुवातीला दार उघडंच ठेवायचं, आत मऊ चादर, जेवणाची वाटी आतच. पिल्लू आधी पुढचे दोन पाय आत टाकतं, मागचे बाहेर ठेवून मान लांब करून खातं. हे मागचे दोन पाय आपणहून आत येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मग खाताना क्षणभर दार लावायचं, वाटी रिकामी व्हायच्या आत उघडायचं, आणि वेळ हळूहळू वाढवायचा.

‘८-९ तास आरामात.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. ढोबळ हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा; फार तर तितके तास ते सू धरू शकतं. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू ३ तास, तेही झोपेत. जागं असताना, खेळून झाल्यावर, जेवल्यावर तर लगेच लागते. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्याचे नऊ तास ऑफिसचे, त्यावर ट्रॅफिक वेगळं. झोपायची जागा पिल्लू स्वच्छ ठेवू पाहतं हे खरं, पण मूत्राशय साथ देईल तोवरच. नाइलाजानं दोन-चार वेळा अंथरुणातच झालं की त्याला ओल्यात बसायची सवय लागते आणि पुढचं सगळं शिकवणं अवघड होऊन बसतं. क्रेट भलं मोठं असलं तरी गडबड होते: एका कोपऱ्यात झोप, दुसऱ्यात शी. उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, एवढीच जागा पुरते. मोठं घेतलंच असेल तर मध्ये जाळी घालून जागा कमी करा.

मग दिवसा काय? मधल्या वेळी कुणीतरी यायला हवं. आजी-आजोबा घरी असतील तर उत्तम, नाहीतर शेजारच्या काकू, नाहीतर पैसे देऊन येणारं माणूस. तेही जमत नसेल तर हॉलचा एक भाग जाळीनं अडवा. एका टोकाला क्रेट, दार उघडं, दुसऱ्या टोकाला सू-शीसाठी पेपर. लसीकरण पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या रस्त्यावर पिल्लू सोडायचं नसतं, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती असते. त्यामुळे पेपर लागणारच.

‘रडलं तर लक्ष देऊ नका.’ रडण्या-रडण्यात फरक असतो. २०१७ च्या श्वान प्रजननविषयक नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी त्याहून लहान पिल्लं सर्रास घरी येतात. आई-भावंडांच्या उबेतून उठवून आणलेल्या जिवाला पहिल्याच रात्री हॉलमध्ये एकटं कोंडायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं? क्रेट आपल्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला की जाळीला लागेल असं. झोपेआधीची थोडी कुरकुर आपोआप थांबते. पहाटे तीनला अचानक रडलं तर बहुतेक सू आलेली असते: उचला, पेपरवर न्या, न बोलता, न खेळवता परत आणा. पण सतत किंचाळणं, लाळ गळणं, जाळीवर नाक घासून सोलवटून घेणं ही घाबरल्याची लक्षणं आहेत. तिथे दार उघडायचं. एकटेपणाची खरीच धास्ती असलेली कुत्री क्रेटमध्ये दात-नखं तोडून घेतात. त्यांना डॉक्टर लागतो, कुलूप नाही.

‘शिक्षा म्हणून आत टाका.’ म्हणजे वर केलेली सगळी मेहनत एका दुपारीत पाण्यात.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढा, जाळीत अडकून फास बसतो. आणि क्रेट गॅलरीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि पगसारखी चपट्या नाकाची कुत्री तर लगेच धापा टाकू लागतात.

क्रेट म्हणजे तुरुंग म्हणणारा दुसरा पक्षही आहे. त्यातले काहीजण तेच पिल्लू दिवसभर साखळीला बांधतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अपुरा पिंजरा आणि आखूड साखळी दोन्ही आहेत. नीट सवय लागलेलं क्रेट मात्र खूप कामी येतं. दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं तर कुत्रं पिंजऱ्याला बिचकत नाही, आणि गणपतीत ढोल-ताशे किंवा दिवाळीत फटाके सुरू झाले की वर चादर टाकलेल्या, दार उघड्या क्रेटमध्ये स्वतःहून जाऊन बसतं.

राहता राहिलं ‘आठवड्याभरात’. सू-शीची पक्की सवय लागायला काही महिने जातात. ज्यांच्या घरी दिवसभर कुणीच नसतं आणि मधल्या वेळची सोयही होणार नाही, त्यांनी पिल्लाचा हट्ट सोडून दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्यावं. शेल्टरमध्ये अशी पुष्कळ असतात, आणि पाच-सहा तास ती बिनतक्रार काढतात.